मावळातील १९०० वर्षांपूर्वीची सवलत

पावसाळा लागला की कामशेत-लोणावळ्याची सहकुटुंब सहल कमी खर्चात कशी होईल, याचे हिशेब घरोघरी मांडले जातात. पुण्याहून लोकल, घरचा डबा, आणि कार्ल्याच्या लेण्यात १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. याच कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका वेगळ्याच सवलतीची राजाज्ञा कोरलेली आहे.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यांतील भिक्षूंना दिले. हेतू स्पष्ट होता: वर्षावासासाठी तेथे राहणाऱ्यांचा निर्वाह. त्यात पंथभेदही ठेवला नव्हता. पावसाळ्यात मावळात मुक्काम करणाऱ्यांची सोय पाहणारा हा जुना दाखला!

पुढे सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला. दान शत्रूचे, नव्या सत्तेने ते का पाळावे? त्या गावाचे उत्पन्न भिक्षूंच्या हातून सहज गेले असते. तसे झाले नाही. दुसऱ्या लेखात 'मामाड' येथील अमात्याला आज्ञा आहे: हे गाव भिक्षूंचेच; राजपुरुषांनी तेथे शिरू नये, कशालाही हात लावू नये, मिठासाठी जमीन खणू नये. लेखातील 'मामालाहार' हा प्रदेश म्हणजेच आपले मावळ. मिठाचे कलम वाचताना मला नेहमी वाटते, की ज्या गावांना अशी सूट नव्हती, त्यांच्या वाट्याला हा जाच रोजचाच असावा.

कामशेतला उतरून बेडशाला गेलात, तर तेथील चैत्यगृहाच्या ओसरीत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाचे, पुष्यणकाचे, दान कोरलेले आढळेल. इतक्या दूरच्या घराण्याने येथे पैसा खर्च केला, तो याच घाटवाटेच्या व्यापारामुळे असावा.