दर्यावरची पोरे आणि नौदलाची भरती

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन आमच्या मालवणात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. युद्धनौका बघायला लोटलेल्या गर्दीत उभा असताना मनात आले, या नौदलात आपल्या किनाऱ्यावरची पोरे आज किती असतील?

एके काळी हा प्रश्न पडलाच नसता. शिवरायांच्या आरमारात गाबित, भंडारी, कोळी, दालदी हीच माणसे होती. पुढे इंग्रजांच्या रॉयल इंडियन मरीनमध्ये खलाशी भरायचे ते मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून, त्यातही पुष्कळसे कोकणी मुसलमान घरांतले. (मालवण तेव्हा रत्नागिरीतच, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली.) लिहिता-वाचता येते का, हे फारसे कोणी विचारत नसे. वारा-पाणी कळते आणि सांगितलेले ऐकतो, एवढे साहेबाला पुरे होते. यातले दुसरे कारण त्याला अधिक महत्त्वाचे वाटत असावे, असा माझा कयास.

दुसऱ्या महायुद्धाने हे बदलले. १९३९ साली रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी होते २,००० च्या आत, युद्ध संपेपर्यंत ते २५,००० च्या वर गेले. वायरलेस, रडार, संदेशवहन या कामांना मॅट्रिक झालेली मुले हवी होती. ती देशभरातल्या शहरांतून आणि मोठ्या गावांतून आली. ही मुले वर्तमानपत्र वाचत, निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या निमूट गिळत नसत. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत संप सुरू झाला तो ‘तलवार’ या संदेशवहन शिकवणाऱ्या केंद्रात, हा योगायोग नव्हे. मात्र बंड फक्त शिकलेल्यांचे राहिले नाही. दोन-तीन दिवसांत जहाजांवरचे साधे खलाशीही त्यात उतरले.

स्वातंत्र्यानंतर शिक्षणाची अट राहिली, आणि ती योग्यच आहे. आजची युद्धनौका म्हणजे तरंगता कारखाना. पण परीक्षेच्या तयारीचे क्लास शहरात, आणि दर्या इथे.

माझा एक विद्यार्थी पहाटे बापाबरोबर रापण ओढून शाळेत यायचा, पहिल्या तासाला डुलक्या घ्यायचा. नौदलात जायचे त्याच्या फार मनात होते. दहावीला गणितात दोनदा राहिला. मला म्हणाला, “गुरुजी, माका दर्यातला सगळा कळता, ह्या गणित काय कळणा नाय.” गणित मीच शिकवत होतो. आता तो पर्यटकांना होडीतून किल्ल्यावर नेतो. त्या दिवशी गर्दीत भेटला आणि कुठली नौका कशी वळेल, ते आधीच सांगत होता.