डोके दुखते, पण कसे?

शाळेत वर्षभर ऐकू येणारे एक वाक्य म्हणजे ‘बाई, डोकं दुखतंय.’ वाक्य एकच, पण ते म्हणणाऱ्या मुलांचे दुखणे एकच असते असे नाही. एकाने सकाळपासून काही खाल्लेले नसते. एकीला ताप चढत असतो. एखाद्याचे कपाळ ठणकत असते आणि त्याला वर्गातला उजेडही नकोसा होतो. गणिताचा तास चुकवायलाही हेच वाक्य उपयोगी पडते आणि क्वचित गंभीर आजाराची पहिली खूणही तेच असते.

ऐकणाऱ्याची अडचण अशी, की वेदना बाहेरून दिसत नाही. ताप थर्मामीटरने मोजता येतो, मोडलेले हाड क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. डोकेदुखीच्या नेहमीच्या प्रकारांसाठी मात्र आजही अशी एखादी निर्णायक तपासणी नाही. मेंदूचा स्कॅन दुसरा आजार नाही ना, हे सांगतो. डोकेदुखी कोणत्या प्रकारची ते सांगत नाही. प्रकार ओळखायचा तो रुग्णाच्या सांगण्यावरून. म्हणून डोकेदुखीच्या अभ्यासाचा इतिहास हा बराचसा नेमके प्रश्न विचारायला शिकण्याचा इतिहास आहे. तो आपण पाहू.

अकरा आणि तीन

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यांची यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. वातज, पित्तज, कफज अशी काही नावे कारणावरून दिलेली आहेत. काही मात्र वेदना कशी वागते यावरून. ‘सूर्यावर्त’ सूर्याबरोबर सुरू होतो, ऊन चढेल तसा वाढतो आणि उतरेल तसा ओसरतो. ‘अर्धावभेदक’ अर्धे डोके फोडतो आणि पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अचानक पुन्हा येतो. ‘शंखक’ म्हणजे कानशिलाचा भयंकर रोग. तो तीन रात्रींत प्राण घेऊ शकतो असा इशारा दिलेला आहे. जागा कोणती, वेळ कोणती, पुन्हा केव्हा येते आणि जिवाला धोका आहे का, हे प्रश्न तेव्हाच विचारले गेले होते.

इसवी सनाच्या सुमारे दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील कॅपाडोशियाचा वैद्य अरेटियस याने तीन प्रकार केले: थोडा वेळ टिकणारी डोकेदुखी, दीर्घकाळ टिकणारी डोकेदुखी आणि अर्ध्या डोक्याची. या तिसऱ्या प्रकारचे रुग्ण उजेडापासून पळतात, अंधारात त्यांना बरे वाटते, हे त्याने नोंदवले आहे. याच दुखण्याला गॅलेनने ‘हेमिक्रेनिया’ म्हटले. ‘हेमि’ म्हणजे अर्धे आणि ‘क्रेनियन’ म्हणजे कवटी. हा शब्द झिजत झिजत फ्रेंचमधून ‘मायग्रेन’ झाला. आपली ‘अर्धशिशी’ आणि परकी ‘मायग्रेन’ ही नावे अशी अगदी एका अर्थाची आहेत. पण नावावर फार विसंबूनही चालत नाही, कारण मायग्रेन दोन्ही बाजूंनी दुखू शकते आणि मुलांमध्ये तर ते पुष्कळदा तसेच असते.

एका रुग्णाचे चोख वर्णन

१७४५ साली जेरार्ड व्हान स्वीटेन या डच डॉक्टराने एका धडधाकट, मध्यमवयीन माणसाची हकीकत लिहिली. त्याला रोज ठरावीक वेळी डाव्या डोळ्याच्या वरच्या बाजूला दुखू लागे. थोड्याच वेळात तो डोळा लाल होऊन पाणी गळू लागे आणि वेदनेने माणूस वेडापिसा होई. काही तासांनी सारे थांबे आणि डोळा पुन्हा पहिल्यासारखा दिसे.

व्हान स्वीटेनने याला वेगळा प्रकार मानले नाही. पुढे विसाव्या शतकात हॅरिस, हॉर्टन या डॉक्टरांनी अशा रुग्णांची वर्णने केली आणि १९५२ साली कंकल यांनी ‘क्लस्टर’ हा शब्द वापरला. क्लस्टर म्हणजे घोस. हे झटके काही आठवडे रोज येतात आणि मग महिनोन् महिने येत नाहीत, म्हणून हे नाव. एवढा काळ गेल्यावरही ते जुने वर्णन ओळखता येते, कारण त्यात वेळ, बाजू, डोळ्याची लाली आणि रुग्णाचे वागणे हे सगळे नेमके टिपलेले आहे. कारण माहीत नसतानाही चांगले निरीक्षण वाया जात नाही.

घड्याळ आणि कागद

मायग्रेनच्या काही रुग्णांना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेघ दिसते. ह्युबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टराला ती स्वतःला दिसत असे. एक लहानसा ठिपका वाढत जाऊन किल्ल्याच्या तटासारखी कोनाकोनांची रेघ कशी होते, याची टप्प्याटप्प्याने काढलेली चित्रे त्याने १८७० साली प्रसिद्ध केली. त्याचे वडील जॉर्ज एअरी हे इंग्लंडचे राजज्योतिषी. त्यांनाही हा अनुभव येत असे. पुढे तीन वर्षांनी एडवर्ड लिव्हिंग यांनी मायग्रेनवर मोठा ग्रंथ लिहिला आणि हे मज्जासंस्थेतले वादळ आहे असे मत मांडले.

कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या डोळ्यांपुढची अशीच रेघ दर काही मिनिटांनी कागदावर उतरवली. दृष्टीचे काम करणाऱ्या मेंदूच्या भागात तिचा वेग किती असेल, याचे गणित करून १९४१ साली त्याने उत्तर काढले: मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर. १९४४ साली ब्राझीलच्या अरिस्टिडेस लेआव यांना सशाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर हळूहळू सरकणारी एक लाट आढळली. तिच्यामागे मेंदूचे विद्युत्-काम काही काळ मंदावत असे आणि तिचा वेगही साधारण तेवढाच होता. दोन्ही गोष्टी एकच असाव्यात, याकडे १९५८ साली लक्ष वेधले गेले. २००१ साली मायग्रेन सुरू असतानाच माणसाच्या मेंदूची एमआरआय चित्रे घेतली गेली, तेव्हा तशीच सरकती लाट दिसली. घड्याळ आणि कागद घेऊन केलेल्या नोंदीने यंत्राच्या साठ वर्षे आधी बरोबर दिशा दाखवली होती.

नावात कारण घालावे का?

याच काळात न्यूयॉर्कमध्ये हॅरल्ड वुल्फ डोकेदुखीवर प्रयोग करत होते. १९४० साली त्यांनी व रे यांनी, जाग्या रुग्णांवरील शस्त्रक्रियेच्या वेळी कोणता भाग दुखतो ते तपासून, दाखवून दिले की मेंदूचा गाभा दुखत नाही. दुखतात त्या त्याभोवतीच्या रक्तवाहिन्या आणि आवरणाचे काही भाग. मायग्रेनमध्ये रक्तवाहिन्या फुगतात म्हणून दुखते, हे त्यांचे मत अनेक दशके प्रमाण मानले गेले.

१९६२ साली अमेरिकेत एका समितीने डोकेदुखीचे पंधरा गट केले. त्यात मायग्रेन ‘रक्तवाहिन्यांची डोकेदुखी’ ठरली आणि रोजच्या ताणाची डोकेदुखी ‘स्नायू आखडण्याची’. नावातच कारण आले. पुढे मात्र ती कारणे पुरी पडेनात. ज्यांचे डोके आवळल्यासारखे दुखते, त्यांचे स्नायू आखडलेले असतातच असे दिसेना. शिवाय व्याख्यांमध्ये ‘बहुधा’, ‘अनेकदा’ असे शब्द होते, त्यामुळे एका डॉक्टरचे मायग्रेन दुसऱ्याच्या मते मायग्रेन नसे. मग एका देशातल्या औषधाच्या चाचणीची दुसऱ्या देशातल्या चाचणीशी तुलना तरी कशी करायची?

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेच्या समितीने, डेन्मार्कच्या येस ओलेसेन यांच्या अध्यक्षतेखाली, १९८८ साली नवे वर्गीकरण दिले. त्यात प्रत्येक प्रकारासाठी मोजता येतील अशा अटी आहेत: किती वेळा, किती तास, कोणती लक्षणे. कारणाबद्दल खात्री नसेल तेथे नावही सावध ठेवले. ‘ताणाची डोकेदुखी’ असे न म्हणता ‘ताण-प्रकारची’ म्हटले. २०१८ साली या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती निघाली, तरी मूळ पद्धत तीच आहे. व्याख्या पक्की झाल्यावर औषधांची पारख करणे सोपे झाले. १९९१ पासून वापरात आलेली ट्रिप्टान गटाची औषधे आणि २०१८ पासूनची सीजीआरपी या रेणूला अडवणारी औषधे अशाच व्याख्यांच्या आधारे तपासली गेली.

आज कसे ओळखतात?

ताण-प्रकारची डोकेदुखी अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकते. डोके दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखे दुखते, पण वेदना सौम्य किंवा मध्यम असते आणि चालल्या-फिरल्याने वाढत नाही. मायग्रेन उपचाराविना ४ ते ७२ तास टिकते. मुलांमध्ये २ तासांचेही असू शकते. ते ठणकते, हालचालीने वाढते, मळमळते किंवा उजेड आणि आवाज दोन्ही सोसत नाहीत. क्लस्टरचा झटका १५ मिनिटे ते ३ तासांचा, एकाच डोळ्याभोवती, अतिशय तीव्र. मुलांमध्ये तो विरळाच.

रुग्णाचे वागणेही पुष्कळ सांगते. ताण-प्रकारात माणूस कुरकुरत का होईना, काम करत राहतो. मायग्रेनमध्ये अंधाऱ्या खोलीत निपचित पडतो. क्लस्टरमध्ये त्याला एका जागी बसवत नाही, तो येरझाऱ्या घालतो.

काही समजुती तपासून घ्यायला हव्यात. ‘हे सायनसचं दुखणं आहे’ असे आपण सर्रास म्हणतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे मायग्रेनच्या प्रकारची निघाली. मायग्रेनमध्येही नाक चोंदू शकते, त्यामुळे ही गफलत होते. चष्म्याचेही तसेच. नंबर असून चष्मा नसेल तर वाचून डोके दुखू शकते, पण चष्मा लावल्याने मायग्रेन जात नाही. आणि साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते.

धोक्याच्या खुणा मात्र वेगळ्या लक्षात ठेवाव्यात. क्षणात सुरू होऊन मिनिटभरात शिगेला पोचलेली वेदना. ताप आणि ताठलेली मान. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, झटके किंवा ग्लानी. पहाटे उलट्यांसह येणारी आणि दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी. यांपैकी काही आढळले तर प्रकार ओळखत बसू नये, मुलाला लगेच डॉक्टरकडे न्यावे.

बाकी वेळा शिक्षकाला करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे. वारंवार डोके दुखणाऱ्या मुलाला एक वही करायला सांगावी. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, कोठे दुखले, कसे दुखले, मळमळले का, उजेड नकोसा झाला का, आदल्या रात्री झोप किती झाली, जेवण चुकले का, कोणती गोळी घेतली. दोन महिन्यांची अशी वही डॉक्टरला फार उपयोगी पडते. मूल खोटे बोलते का, हा प्रश्नही तिच्यामुळे बराचसा आपोआप मिटतो. रविवारीही तितक्याच नोंदी होत असतील, तर गणिताच्या तासाचा त्यात काही दोष नाही.