चिंध्यांचा व्यापार आणि एका शब्दाची बदनामी

‘चक्राकार अर्थव्यवस्था’ हा शब्द हल्ली इतका कानांवर पडतो, की ती कल्पना कालपरवाच निघाली असं वाटावं. आपण आज १८१३ सालात जाऊ. यॉर्कशायरमधल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉने जुन्या लोकरी चिंध्या फाडल्या, तंतू सोडवले आणि नव्या लोकरीत मिसळून त्यांचं सूत काढलं. या मालाला नाव पडलं ‘शॉडी’.

फाडायला दातेरी यंत्र होतं, पण आमच्या मते खरी करामत निवडीची. शिवणी उसवायच्या, अस्तर-गुंड्या काढायच्या, रंगवार ढीग लावायचे. हे काम बहुतेक बायकांचं. रंग नीट निवडला, तर पुन्हा रंगवायला नको! युरोपभरातून चिंध्या येत. पुढे रेल्वे आली, तसे ड्यूजबरी-बॅटलीच्या स्टेशनांवर त्यांचे लिलाव होऊ लागले. निरुपयोगी चुराही शेतात खत म्हणून जाई. धूळ मात्र कामगारांच्या छातीत गेली. त्या दुखण्याला ‘शॉडी फीवर’ म्हणत.

हा किरकोळ धंदा नव्हता. कारखाना निरीक्षकांच्या अहवालावरून मार्क्स ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या खंडात सांगतो, की १८६२ च्या अखेरीस इंग्लंडच्या उद्योगात लागणाऱ्या लोकरीपैकी एक तृतीयांश अशी जुन्यातून काढलेली होती.

आता जरा तत्त्वज्ञान. सवय जात नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या भाषेत, फोन ‘रिफर्बिश’ करताना आपण आकार राखतो. शॉडीत आकार मोडतो, द्रव्य राखतो. पण दर फेरीला तंतू आखूड होतो, म्हणून नवी लोकर घालावीच लागते. चक्र पुरतं बंद होत नाही, बघा.

किती नवी घातली, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. गोम इथेच आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, कंत्राटदारांनी सैनिकांना हलक्या शॉडीचे गणवेश पुरवले, ते विरले आणि ‘शॉडी’ म्हणजे ‘भिकार’ असा अर्थ इंग्रजीत रुजला. दोष कापडाचा कमी, लपवाछपवीचा जास्त, असं आम्हाला वाटतं.

पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ च आठवतं. पण शॉडीचं आजचं मोठं केंद्र तेच. परदेशातले जुने स्वेटर-कोट तिथे येतात, रंगवार निवडले जातात, ब्लँकेटं होतात. मदतछावण्यांतही तीच वाटली जातात. अलीकडे मात्र त्यांच्या गळ्याशी आलं आहे ते कोऱ्या पॉलिएस्टरचं स्वस्त, मऊ ब्लँकेट.