जीआय टॅग असूनही कोल्हापुरी चपलेची नक्कल कशी होते?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. जीआय टॅग असताना हे चालतं कसं, असा प्रश्न अनेकांना पडला.

टॅग २०१९ मध्ये मिळाला. तो एकट्या कोल्हापूरचा नाही, हे अनेकांना माहीत नसतं. सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हेही त्यात आहेत.

खरी मेख पुढे आहे. जीआय प्रामुख्याने नावाला संरक्षण देतो, डिझाइनला नाही. या आठ जिल्ह्यांबाहेर बनलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकणं बेकायदा आहे. तशीच चप्पल नुसती 'लेदर सँडल' म्हणून विकली, तर कायदा तोकडा पडतो. शिवाय भारतातली नोंदणी इटलीत लागू होत नाही. या प्रकरणातली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, कारण दाद मागण्याचा हक्क जीआयच्या नोंदणीकृत मालकांचा, म्हणजे लिडकॉम आणि लिडकर या सरकारी महामंडळांचा.

टॅग मिळाला म्हणजे प्रत्येक कारागिराला तो आपोआप लागू होतो, असंही नाही. त्यासाठी चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीकडे 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती १० वर्षं टिकते, मग नूतनीकरण.