मदिनेतला पिवळा डाग आणि पैनगंगेकाठची हळद

अब्दुर्रहमान बिन औफ मक्का सोडून मदिनेला आले तेव्हा त्यांच्या गाठीला काही उरलं नव्हतं. मदिनेच्या साद बिन रबी यांनी त्यांना भाऊ मानलं आणि आपली निम्मी मालमत्ता पुढे केली. अब्दुर्रहमान यांनी दुआ दिली, मालमत्ता नाकारली आणि फक्त बाजार कुठे भरतो ते विचारलं. तूप आणि वाळवलेलं दही विकून त्यांनी चार पैसे उभे केले. पुढे ते पैगंबरांसमोर आले तेव्हा अंगावर पिवळा डाग होता. हा कसला, म्हणून विचारणा झाली. लग्न केलं, असं ते म्हणाले. मेहर किती दिला? खजुराच्या बीच्या वजनाचं सोनं. पैगंबरांनी बरकतीची दुआ केली आणि लग्नाचं जेवण म्हणजे वलीमा करायला सांगितलं, एका बकरीचा का होईना.

ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सांगणारे अनस बिन मालिक. वलीम्याच्या जेवणावर बोलताना मौलवी मंडळी ती हमखास सांगतात, आणि त्यात डागाचा उल्लेख जाता जाता होतो. मला मात्र त्या डागानंच धरून ठेवलं. कारण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद, दिग्रस, उमरखेड या पट्ट्यात, निकाहाच्या आदल्या दिवशी मुसलमान नवरदेवाच्या अंगावर असाच पिवळा रंग चढतो. तो हळदीचा. ही हळद शेजारच्या हिंदूंकडून घरात शिरली, इस्लामात तिला जागा नाही, असं हल्ली वरचेवर ऐकू येतं. मग मदिनेतल्या त्या नवरदेवाच्या अंगावर काय होतं?

केशर होतं. हदीसच्या काही पाठांत तसा सरळ शब्दच आहे. त्या काळी अरबस्तानात ‘खलूक’ नावाचं एक सुगंधी द्रव्य वापरत, त्यात मुख्य भाग केशराचा. ते बायकांचं मानलं जाई. आणि इथेच विद्वानांची पंचाईत झाली, कारण पुरुषांनी केशर लावू नये अशी मनाई सांगणारी हदीसही आहे आणि तीही याच अनस यांच्याकडून आलेली. एकाच माणसाच्या तोंडून मनाईही आली आणि डाग पाहून दिलेली दुआही आली. दोहोंचा मेळ कसा घालायचा, यावर शतकानुशतकं लिहिलं गेलं. तेराव्या शतकात दमास्कसला राहणाऱ्या इमाम नववींनी वाट काढली ती अशी: अब्दुर्रहमान यांनी रंग लावलाच नव्हता, नव्या नवरीच्या अंगचा तो त्यांना लागला. काहींचं म्हणणं, नवरदेवापुरती सूट असावी. इमाम मालिक आणि मदिनेचे विद्वान केशरात रंगवलेलं वस्त्र पुरुषाला चालतं, असं मानत. मला नववींचा खुलासा मनापासून पटतो, कारण त्यात घर दिसतं, माणसं दिसतात. पण कुठलाही खुलासा घ्या, एक गोष्ट बदलत नाही. पैगंबरांनी डागाबद्दल विचारलं, कारण कळल्यावर तो विषय तिथेच सोडला. चौकशी केली ती मेहरची आणि आज्ञा दिली ती जेवणाची. रीत आणि शिकवण एकाच प्रसंगात, एकाच माणसाच्या अंगावर शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि कोणाला किती वजन द्यायचं तेही त्यातच दिसतं.

आता केशरापासून हळदीपर्यंत यायचं. दीड लाखाच्या आसपास फुलं खुडावीत तेव्हा किलोभर केशर हाती येतं. हळद मात्र गरिबाच्या शेतातही होते. तिला रुजणारं बी धरत नाही, कंद लावूनच ती वाढते. म्हणजे ती वाऱ्यानं किंवा पाखरांनी पसरत नाही, माणूस नेईल तिथेच जाते. आणि ती जिथे गेली, तिथे पुष्कळदा तिनं केशराची जागा घेतली. अरबीत हळदीला ‘कुर्कुम’ म्हणतात. पण हिब्रू आणि अरामी या भगिनीभाषांत त्याच घराण्यातला शब्द केशराचा आहे. नाव केशराचं होतं, ते हळदीला मिळालं. युरोपीय शास्त्रज्ञांनी हळदीला ‘कर्क्युमा’ म्हटलं ते याच वाटेनं.

आणि आपल्याकडे? संस्कृतात ‘कुंकुम’ म्हणजे केशर. सवाष्णीच्या कपाळावरचं पारंपरिक कुंकू मात्र हळदीचं. हळकुंडाला टाकणखाराची जोड दिली की पिवळं लाल होतं. हळदीला चुना लागल्यावर काय होतं ते प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. म्हणजे मराठीतही नाव केशराचं आणि वस्तू हळदीची. कुर्कुम आणि कुंकुम हे दोन शब्दच मुळात एक, असं म्हणणारे भाषाभ्यासक आहेत. नसतील एक, तरी दोन्ही भाषांत घडलेली अदलाबदल तीच आहे. मदिनेतल्या डागाचा हळदीशी मला सापडलेला दुवा हा आहे. त्याहून मोठा दावा मी करत नाही. हळदीची बाजू घेणारे काही जण ही हदीस पुढे करून हळद मदिनेहून आली असं सुचवतात, ते मला मान्य नाही. केशर अंगाला लागणं आणि हळदीचा समारंभ घालणं यांत फार अंतर आहे, आणि आपल्या समारंभाची जन्मखूण दुसरीकडेच सापडते.

ती खूण एका पुस्तकात आहे. एलुरूचे जाफर शरीफ यांनी दख्खनी मुसलमानांच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या रीतींचं वर्णन लिहिलं, आणि मद्रासच्या नोकरीतले डॉक्टर हर्क्लॉट्स यांनी त्याचं इंग्रजी करून १८३२ मध्ये लंडनला छापलं. ‘कानून-ए-इस्लाम’ हे त्याचं नाव. नाव कानूनाचं असलं तरी बहुतेक पानं रीतींनीच भरली आहेत. लग्नाच्या प्रकरणात हळद दोनदा लागते. पहिली घरातल्या बायका गुपचूप लावतात, ती ‘चोर हळदी’. दुसरी चारचौघांत, वाजतगाजत, ती ‘साव हळदी’.

चोर आणि साव! ही जोडी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. चोर कोण आणि साव कोण, सावपणाचा आव, हे आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. ‘साधु’चं प्राकृतात ‘साहु’ झालं आणि मराठीत ‘साव’. याला दोन प्रतिस्पर्धी मतं आहेत. एक म्हणतं, शब्द फारसी ‘शाह’चा. ते टिकत नाही. चोराच्या समोर राजा उभा करून गुपचूप आणि उघड असा अर्थ निघत नाही, तिथे सज्जनच हवा. दुसरं मत जड आहे: उत्तरेतही ‘साह’ आणि ‘साव’ आहेत, तेव्हा हा शब्द तिकडून आलेल्या फौजांबरोबर आला असेल. असेलही. पण दख्खनी बोली मराठीपासून काय काय घेऊन बसली आहे ते पाहा. तिचं ‘नक्को’ म्हणजे आपलं ‘नको’. जोर देण्यासाठी ती शब्दाला जो ‘च’ लावते, तो सरळ आपला. जी बोली नकार आणि जोर या दोन्ही गोष्टी मराठीतून उचलते, तिनं लग्नघरातला ‘साव’ही इथूनच उचलला, असा माझा कौल आहे.

दुसराही पुरावा आहे. लग्नातल्या ज्या रीती दरबारातून खाली आल्या त्या दरबारी नावं घेऊन आल्या. नवरदेवाकडून नवरीकडे भेटी नेण्याची रीत ‘साचक’, हा शब्द तुर्की. मेहंदीची रात्र मुघलांकडे ‘हिनाबंदी’. १६३३ मध्ये दारा शुकोहच्या लग्नात ती झाली, ती याच फारसी नावानं. नवरीचं मुख दाखवण्याची रीत ‘जलवा’, हा शब्द अरबी. हळदीला फारसीत ‘जर्दचोबा’ म्हणतात, म्हणजे पिवळं लाकूड. ही रीत इराणातून किंवा मुघलांकडून आली असती तर तिच्या नावात हे लाकूड कुठे तरी दिसलं असतं. ते कुठेच नाही. नाव ‘हल्दी’, संस्कृत ‘हरिद्रा’चं लेकरू, आणि तिचे दोन भाग चोर नि साव. ही रीत दख्खनच्या अंगणात जन्मली.

धर्म बदलला, रीत राहिली, असं एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. आपलं मूळ अरबस्तानात किंवा अफगाणिस्तानात सांगणाऱ्या सय्यद आणि पठाण घरांतही हळद लागते. रक्तानं येते त्याहून जास्त हळद शेजारानं येते. इमादशाही, निजामशाही, १५९६ मध्ये मुघल, नंतर निजाम, १८५३ मध्ये इंग्रज, १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचं नाव बदलून यवतमाळ: वऱ्हाडावरचे धनी बदलले, आठवडी बाजार मात्र भरत राहिला. त्या बाजारात कुंकू, हळद, बुक्का, उदबत्ती विकणारा अत्तार मुसलमान. बांगड्या भरणारा मण्यारही बहुधा मुसलमान. हिंदू नवरीचा चुडा आणि कुंकू त्यांच्या हातून जाई, आणि मुसलमान नवरीची हळद कुणब्याच्या शेतातून येई. आजही उमरखेड-महागावकडे हळदीचं पीक आहे. पैनगंगा ओलांडली की हिंगोलीचा हळदीचा मोठा बाजार. त्या पलीकडच्या काठावर १९४८ पर्यंत निजामाचंच राज्य होतं, पण सोयरिकी नदीला विचारून होत नसतात. आर्णीला बाबा कंबलपोश यांच्या उर्सात दोन्ही समाज जमतात, तशीच लग्नघरातली ही देवघेव. कोण कोणाकडून काय शिकलं, याचा हिशेब कुणी मांडला नाही, कारण कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

वावगं वाटू लागलं ते नंतर. मौलाना अशरफ अली थानवी (१८६३ ते १९४३) यांनी ‘बहिश्ती जेवर’मध्ये लग्नाच्या रसमांवर कडक टीका केली, आणि ते पुस्तक मुलीच्या रुखवतात दिलं जाऊ लागलं. त्यांचा रोख खर्चावर, दिखाव्यावर आणि रीतीला फर्जाइतकं सक्तीचं मानण्यावर होता. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. इस्लामी धर्मशास्त्रात रीतीला, म्हणजे ‘उर्फ’ आणि ‘आदत’ यांना, हक्काची जागा आहे. शिकवणीला छेद जात नसेल तर रीत निवाडा करते, असं सूत्रच आहे. १८७६ मध्ये पुऱ्या झालेल्या उस्मानी (ऑटोमन) ‘मजल्ला’ संहितेत ते छत्तिसावं कलम आहे. रीत चालते. रीतीलाच धर्म मानणं चालत नाही, आणि धर्मानं दिलेला हक्क रीतीनं खाणं तर मुळीच चालत नाही.

हे खाणं आपल्याकडे न्यायालयातही पोचलं. १८४७ मध्ये मुंबईत खोजा मुलींनी कुराणाप्रमाणे वडिलांच्या मालमत्तेत वाटा मागितला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी जमातीची रीत ग्राह्य धरली आणि मुलींना वाटा मिळाला नाही. ही चूक दुरुस्त व्हायला १९३७ चा शरियत कायदा यावा लागला. रीत काहीही असो, लग्न, मेहर, वारसा या बाबतींत शरियत लागू, असं त्यात म्हटलं. पण शेतजमीन त्यातून वगळली. कापसाच्या या जिल्ह्यात मालमत्ता म्हणजे मुख्यतः शेती. ज्या वाट्याला खरी किंमत होती, नेमका तोच वाटा त्या कायद्यानं बाहेर ठेवला.

निकाहाला लागतं काय? प्रस्ताव, कबुली, साक्षीदार, मेहर. कुराणाच्या चौथ्या सूरेत मेहर बायकोला खुशीनं द्या, असा स्पष्ट आदेश आहे. पैसा नवऱ्याकडून बायकोकडे जायचा. हुंडा उलटा वाहतो. दख्खनकडे त्याला ‘जोडे की रकम’ असं सभ्य नाव आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानं व्याख्येतून मेहर मुद्दाम बाहेर ठेवला, कारण दोन्हींची दिशाच वेगळी. आणि तरी निकाहनाम्यात मेहरच्या रकान्यात मौलवी विचारतात, नगद की उधार, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ‘उधार’ लिहिलं जातं. ती उधारी नवऱ्याच्या मयतीच्या वेळी बायकोकडून माफ करून घेतली जाते. ही रीत चोर हळदीइतकीच गुपचूप चालते, आणि तिच्यावर फार थोडे लोक बोलतात.

पुसदकडच्या एका लग्नात हळदीच्या या वादाला तोंड फुटलं. नुकताच तबलिगी जमातीत जाऊन आलेला पोरगा, नवरदेवाचा चुलतभाऊ, अंगणात येऊन म्हणाला, “फुप्पी, ये हल्दी-वल्दी बिदअत है.” बिदअत, म्हणजे धर्मात मागाहून घुसडलेली गोष्ट. पाटावर नवरदेव, वाटीत तेलात कालवलेली हळद, फुप्पीची बोटं मनगटापर्यंत पिवळी. तिनं हात थांबवला. रागावली नाही. “हल्दी नक्को बोलता बेटा, तो नक्को,” ती म्हणाली. “जहेज बी नक्को बोल फिर. जा, अब्बा को बोलके आ.”

पोरगा बैठकीच्या खोलीकडे गेला. आत मोटारसायकलची बोलणी चालली होती.