बाळगोळी आणि आठ आणे

गिरणगावाचा इतिहास सांगताना आपण संप सांगतो, पुढारी सांगतो; बाळगोळी सांगत नाही. अफूची ती बारीकशी गोळी. आई वाइंडिंग खात्यात जाई, तान्हे गुंगीत खोलीवर पडून राही. ते रडत नसे. म्हणजे भूक लागल्याचेही कळवत नसे. डॉ. बार्न्स यांच्या १९२२ च्या सरकारी पाहणीत गिरणीतल्या बायांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जात असल्याची नोंद आहे. आईला अडाणी म्हणणे सोपे. पण तिने मूल ठेवावे कोणाजवळ?

१९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेने बाळंतिणीला सहा आठवडे रजा आणि मुलाला पाजण्यासाठी रोज दोनदा अर्धा तास सुटी ठरवली. आपल्याकडे ना. म. जोशींचे विधेयक मध्यवर्ती असेंब्लीत पडले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी सांगितले की, बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्याच हिताचे आहे. १९२९ चा कायदा झाला : आठ आणे रोज, सात आठवडे. त्यांतले बाळंतपणानंतरचे चारच! पाचव्या आठवड्यात मूल कोणाजवळ, हा प्रश्न तसाच राहिला.

१९५१ साली जॉन बोल्बींनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिले की, तान्ह्याचे मन निकोप वाढायला आईचा उबदार, अखंड सहवास लागतो. ह्यावरून बाईने काम सोडावे असा अर्थ कोणी काढू नये. मजुरी बुडाली तर मायलेकरे दोघेही उपाशी. १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्याच्या दोन सुट्या दिल्या, २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवडे रजा आणि पन्नास कामगारांच्या जागी पाळणाघर. घरोघर धुणीभांडी करणाऱ्या बाईला ते कायदे लागूच नव्हते.