आधी कात्री, मग रंग

पडद्यावरच्या रंगाचे श्रेय आपण छायालेखकाला देतो. ते रास्तच, पण चित्रीकरण संपल्यावर तो रंग कोणाकोणाच्या हातून आणि कोणत्या क्रमाने जातो, यावरही पुष्कळ काही ठरते.

फिल्मच्या काळात हा क्रम पक्का होता. संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तिच्यावरून काढलेली कामचलाऊ प्रिंट तो कापी, जोडी, पुन्हा उसवी. मांडणी कायम झाली, की फिल्मच्या काठावरचे क्रमांक जुळवून निगेटिव्ह कापली जाई. जोड देताना कडेची चौकट वाया जात असल्याने ही कात्री परतीची नव्हती. रंगाची पाळी त्यानंतर. लॅबमधला टायमर प्रत्येक शॉटसाठी लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे १ ते ५० मधले आकडे ठरवी. आकडा हलला की सगळी चौकट हले. गवत सुकवायला जावे, तर नटाचा चेहराही पिवळा पडायचा.

यातला शेवटचा टप्पा परक्या हाती असला तर काय होते, ते मराठी चित्रपटसृष्टीने फार लवकर पाहिले. १९३३ साली प्रभातने ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले. चित्रण इथले, रंगीत प्रिंट जर्मनीतल्या. दिग्दर्शक शांताराम स्वतः तिकडे गेले. पण रंग मनासारखे उतरले नाहीत. याचा दोष सहसा त्या वेळच्या तंत्राला दिला जातो. मला अंतराचाही वाटा मोठा वाटतो. चूक दिसली तेव्हा सेट, नट आणि इथला सूर्यप्रकाश हजारो मैल मागे राहिले होते. १९३४ चा ‘अमृतमंथन’ पुन्हा कृष्णधवल निघाला.

टायमरची अडचण सुटली ती २००० सालच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटात. कोएन बंधूंना १९३० च्या मंदीतला धुळकट, करपलेला मुलूख हवा होता आणि चित्रीकरण होते १९९९ च्या उन्हाळ्यात, हिरव्यागार मिसिसिपीत. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी रासायनिक उपाय करून पाहिले. ते पुरे पडेनात. मग सिनेसाइट या कंपनीत अख्खा चित्रपट स्कॅन करून संगणकावर घेतला. तिथे फक्त हिरवा रंग निवडून तो पिवळट करता आला. चेहरे जसेच्या तसे राहिले. डीकिन्स त्यासाठी कित्येक आठवडे बसून होते. शेवटी चित्र लेझरने पुन्हा फिल्मवर उतरवले.

आजचा क्रम वरकरणी जुनाच आहे. संकलन हलक्या प्रतीवर होते, काठावरच्या क्रमांकांच्या जागी टाइमकोड आला, मांडणी कायम झाल्यावर मूळ चित्रण जुळवून रंगकाराकडे जाते. फरक एवढाच, की आता कात्री परत फिरते. रंग चढल्यावरही दिग्दर्शक दृश्य बदलतो आणि रंगकाराला पुन्हा मागे जावे लागते. म्हणून आराखडा चित्रीकरणाआधी लागतो: प्रतींची देवघेव कशी होणार आणि रंगाच्या खोलीत शेवटचा शब्द कोणाचा.

‘मुघल-ए-आझम’ १९६० मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा शीशमहालासारखा थोडाच भाग रंगीत होता. उरलेला संगणकावर रंगवून तो २००४ मध्ये पुन्हा आला. दिग्दर्शक के. आसिफ १९७१ मध्येच गेले होते. कृष्णधवल दरबारातल्या अंगरख्यांचे रंग इतरांनी ठरवले.